शुद्ध पाण्याची भूक

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत, बेतवा नदीच्या काठी पारीछा औष्णिक विद्युत केंद्र आहे. ११० मेगावॉटचा पहिला संच तेथे १९८४ मध्ये सुरू झाला. अशा केंद्रांत दोन प्रकारचे पाणी खेळत असते. एक बाहेरून आणलेले साधे पाणी. ते संघनकाच्या नळ्यांतून फिरून वाफ थंड करते. दुसरे खनिजमुक्त पाणी. त्याची वाफ टर्बाइन फिरवते, संघनकात पुन्हा पाणी होते आणि बॉयलरकडे परतते.

या दुसऱ्या पाण्याचा शोध क्षारांच्या भीतीतून लागला. झाशी हे वाफेच्या इंजिनांचे मोठे ठाणे होते. त्या काळी कठीण पाणी उकळले की बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा थर बसे, कोळसा अधिक जळे आणि धातू प्रमाणाबाहेर तापे. १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम आयन-विनिमय रेझिन तयार केले आणि पुढे पाण्यातील जवळजवळ सर्व क्षार काढणे शक्य झाले.

पण क्षारांचा पातळ थर हे धातूचे कवचही असते. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील लँगेलियर यांनी पाणी हा थर बसवील की विरघळवील, हे सांगणारा निर्देशांक मांडला. क्षारमुक्त पाण्यात हे कवच तयारच होत नाही. शिवाय असे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते आणि त्याचा पीएच ७ वरून सुमारे ५.६ पर्यंत उतरतो. आम्लता थोपवणारे बायकार्बोनेट त्यात उरलेले नसतात. म्हणून अभियंते त्याला ‘भुकेले पाणी’ म्हणतात.

पोलादी नळाच्या आत लोहाच्या ऑक्साइडचा संरक्षक थर असतो. ऑक्सिजन अत्यल्प असलेले गरम, शुद्ध पाणी वेगाने वळणांवर आणि अरुंद जागी घुसळले की तो थर सतत विरघळतो आणि भिंत आतून झिजत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. अमेरिकेतील सरी अणुकेंद्रात १९८६ मध्ये असाच नळ फुटून ४ कामगार मृत्युमुखी पडले. जपानमधील मिहामा केंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी ५ जणांचा बळी गेला. तेथे १० मिलिमीटर जाडीची भिंत दीड मिलिमीटरहूनही पातळ झाली होती.

अमोनियाने पीएच ९ च्या वर ठेवणे, झिजणाऱ्या जागी क्रोमियमयुक्त पोलाद वापरणे, हे उपाय आज रूढ आहेत. मात्र संघनकाच्या नळ्या पितळेच्या असतील, तर अमोनिया आणि ऑक्सिजन मिळून त्यांनाच खातात. तेथे पीएचचा सुवर्णमध्य साधावा लागतो. खरा पहारा मात्र ध्वनितरंगांनी नळाची जाडी नियमित मोजण्याचा. मिहामातील फुटलेली जागा तपासणीच्या यादीतून सुटली होती; २८ वर्षांत ती एकदाही मोजली गेली नव्हती.