डागाळलेल्या दातांचा तपास: कोलोरॅडोपासून आपल्या हापशापर्यंत

फ्लोराईड चांगलं की वाईट? व्हॉट्सॲपवर हा वाद फिरून फिरून येतो. एक म्हणतो टूथपेस्टमधलं फ्लोराईड म्हणजे विष. दुसरा म्हणतो हे सगळं थोतांड. दोघंही अर्धीच गोष्ट सांगतात. पूर्ण गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. त्यात दाताचे डॉक्टर आहेत, प्रयोगशाळेतले केमिस्ट आहेत, सरकारी अधिकारी आहेत. आणि ती शेवटी आपल्याच विदर्भ-मराठवाड्यातल्या बोअरपाशी येऊन थांबते. पोस्ट लांब आहे, पण वेळ काढून वाचा.

सुरुवात १९०१ सालची. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना टाकायला आला. बघतो तर काय, तिथं जन्मलेल्या बहुतेकांच्या दातांवर तपकिरी डाग. काहींचे दात तर चॉकलेटी झालेले. गावकरी कारणं सांगायचे: डुकराचं मांस फार खाल्लं, दूध नासकं प्यायलं, पाण्यात चुना जास्त आहे. पुस्तकांत मात्र या रोगाचा पत्ताच नव्हता.

मॅकेने चिकाटी सोडली नाही. १९०९ मध्ये त्याने अमेरिकेतले त्या काळचे सगळ्यात मोठे दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक यांना गावात आणलं. दोघांनी मिळून दोन गोष्टी शोधल्या. एक, हा डाग बाहेरून चढत नाही. लहानपणी हिरडीच्या आत दात तयार होत असतानाच तो पडतो. मोठेपणी गावात राहायला आलेल्या माणसाचे दात स्वच्छ राहतात. दुसरी गोष्ट चक्रावणारी होती. हे डागाळलेले दात सहसा किडत नव्हते!

संशय पाण्यावर होता, पण पुरावा मिळेना. १९२३ मध्ये आयडाहो राज्यातल्या ओकली गावचे पालक मॅकेकडे तक्रार घेऊन आले. पाच मैलांवरच्या गरम झऱ्याचं पाणी पाइपने गावात आणलं, तेव्हापासून पोरांचे दात डागाळायला लागले होते. मॅकेने पाणी तपासलं, वेगळं काही सापडलं नाही. तरी त्याने सल्ला दिला की ही पाइपलाइन सोडा आणि दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या. गावाने ऐकलं. काही वर्षांत लहान पोरांना आलेले पक्के दात पांढरे निघाले. म्हणजे नेमकं काय चुकतंय हे कळायच्या आधीच गावाने उपाय करून पाहिला, आणि तो लागू पडला.

खरा उलगडा झाला बॉक्साइट नावाच्या गावामुळे. आर्कान्सा राज्यातलं हे गाव ॲल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआ कंपनीचं होतं. तिथल्या पोरांचे दात डागाळलेले, आणि पाच मैलांवरच्या गावातल्या पोरांचे चांगले. ही बातमी अल्कोआचा मुख्य केमिस्ट एच. व्ही. चर्चिल याच्या कानावर गेली आणि त्याला घाम फुटला. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात अशी ओरड तेव्हा चालूच होती. आता दातांचं खापरही आपल्याच माथी फुटणार! त्याने बॉक्साइटचं पाणी मागवून वर्णपट पद्धतीने तपासलं. निघालं फ्लोराईड. त्याला पटेना. नमुना खराब झाला असेल म्हणून त्याने दुसरा मागवला. उत्तर तेच आलं. १९३१ मध्ये त्याने मॅकेला पत्र लिहिलं आणि इतर डागाळ गावांतलं पाणी मागवून घेतलं. सगळीकडे फ्लोराईड जास्त होतं. तीस वर्षांचा तपास संपला, तोही स्वतःच्या कंपनीची इज्जत वाचवायला निघालेल्या माणसाच्या हातून.

पुढचा प्रश्न होता, किती म्हणजे जास्त? अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्यातले ट्रेंडली डीन यांनी गावोगावची पोरं तपासली. त्यांचे सहकारी केमिस्ट एलियास एल्वोव्ह यांनी पाण्यातलं अगदी थोडं फ्लोराईडही मोजता येईल अशी पद्धत बसवली. त्यातून कळलं की लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत डाग जवळपास दिसत नाहीत आणि दात किडणंही कमी होतं. त्यावरून २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराईड घालायला सुरुवात झाली. तिथं त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधली दातांची कीड ६० टक्क्यांहून अधिक घटली. आज फ्लोराईडची टूथपेस्ट घराघरांत आहे, त्यामुळे पाण्यातल्या फ्लोराईडचा जादा फायदा पूर्वीइतका दिसत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये शिफारशीचं प्रमाण ०.७ वर आणलं. तिथला वाद चालतो तो या ०.७ वर.

आता आपल्याकडे या.

ग्रँड रॅपिड्सच्या आठ वर्षं आधी, १९३७ मध्ये, मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातून एक अहवाल आला. लिहिणारे होते गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटचे डॉ. एच. ई. शॉर्ट आणि त्यांचे सहकारी. (हेच शॉर्ट पुढे मलेरियाचा जंतू आधी यकृतात वाढतो हे दाखवणाऱ्या शोधात होते.) त्यांनी बघितलं ते नुसत्या डागांवर थांबणारं नव्हतं. पाठीचा कणा ताठ झालेला, मान वळत नाही, सांधे आखडलेले. विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराईड वर्षानुवर्षं हाडांत साठत गेलं होतं. म्हणजे एकाच पदार्थाची एक बाजू अमेरिकेत दिसली, तर दुसरी भारतात. फरक मात्रेचा होता.

आपल्या भागात हा प्रश्न वाढला त्याची कथा थोडी कडू आहे. कारण ती चांगल्या कामातून सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पाडले गेले. सोलापूरच्या पंपावरून सुधारून केलेला ‘इंडिया मार्क-२’ हापसा देशभर बसला. उघड्या विहिरीतलं गढूळ पाणी सुटलं, हगवण-कॉलऱ्याला आळा बसायला मदत झाली. नारूसारखा रोग तर देशातून गेलाच. हे श्रेय हापशाला द्यायलाच पाहिजे.

पण जमिनीखाली खडकात फ्लोराईड असलेली खनिजं असतात. पाणी जितकं जास्त काळ अशा खडकात मुरतं, तितकं फ्लोराईड त्यात उतरतं. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर आणखीच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत हे झालंय. पाणी दिसायला काचेसारखं. रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि उकळल्याने फ्लोराईड जात नाही. पाणी आटतं, तेवढं ते दाटच होतं.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतलं जातं. उपायही आपल्याच माणसांनी शोधलाय. नागपूरच्या नीरीने १९७० च्या दशकात ‘नलगोंडा पद्धत’ तयार केली. तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर टाकून पाणी ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. स्वस्त आहे, पण रोज मापात तुरटी टाकणारा आणि गाळ काढणारा माणूस लागतो. तो नसला की सयंत्र शोभेला उरतं.

म्हणून ओकलीच्या पालकांनी केलं तेच शहाणपणाचं. शक्य असेल तिथं स्रोत बदला.

आणि आपल्या हातात काय आहे, तर प्रश्न विचारणं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि किट द्यायचं ठरलंय. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण? किट आहे का? येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: गावातल्या प्रत्येक बोअरचा, हापशाचा फ्लोराईडचा आकडा किती, आणि शेवटची तपासणी कधी झाली? आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावा. दीडच्या वर असलेल्या हापशाला लाल रंग मारून भागत नाही. उन्हाळ्यात टँकर आला नाही की बायाबापड्या तिथंच हंडा लावणार. तेव्हा लाल रंगासोबत दुसरं पाणी कुठून येणार, हेही ठरावात लिहून घ्या.

टूथपेस्टचं म्हणाल तर ती थुंकायची वस्तू आहे, गिळायची नाही. लहान पोरांना तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. तिच्यावर भांडण्यापेक्षा घरातल्या माठात काय आहे ते आधी बघा.

वाकलेली हाडं पुन्हा सरळ होत नाहीत, डागाळलेला दात आपोआप पांढरा होत नाही. पण आज दोन-तीन वर्षांचं असलेलं पोर वाचवता येतं. त्याचे पक्के दात अजून हिरडीच्या आत घडतायत.

आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. आणि आकडा मिळाला तर खाली कमेंटमध्ये गावाचं नाव आणि तारखेसह लिहा.