आवाजामागील लोखंडी चौकट

या ज्युबिलीच्या वर्षी आपल्या मंदिराच्या सॅक्रिस्टीत एक लोखंडी चौकट उभी राहिली आहे. वेदीस रंग दिला तर तो सर्वांस दिसतो, ही चौकट दाराआड असल्याकारणाने, "एवढा पैसा गेला कोठे?" असा प्रश्न धर्मग्रामातील कित्येक बंधुभगिनींनी आम्हांस केला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून या चौकटीचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही चौकट मूळची देवमंदिरातली नव्हे, नाटकगृहातलीही नव्हे; तिचा जन्म टेलिफोनच्या घरी झाला. तारेतून दूर जाणारा आवाज वाटेत क्षीण होत जातो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ऑडियन नावाची काचेची नळी तयार केली, आणि पुढे हॅरल्ड आर्नल्ड यांनी तीत सुधारणा करून ती टेलिफोनच्या उपयोगी आणली. अशा नळ्यांनी आवाजास वाटेत पुनःपुन्हा बळ देत २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को या शहरांमधील टेलिफोन मार्ग समारंभपूर्वक सुरू झाला. पुढे अशी यंत्रे इतकी वाढली की टेलिफोन कचेऱ्यांत जागा पुरेना. तेव्हा १९२२ च्या सुमारास अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने एक माप ठरविले: दोन उभे खांब, आणि त्यांवर स्क्रूने बसविण्याच्या १९ इंच रुंदीच्या पट्ट्या. हाच 'रिले रॅक' होय. आजही ते १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, कायम आहेत. आणि यंत्राची उंची पावणेदोन इंचांच्या, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरच्या, पटीत मोजली जाते. त्यायोगे कोणत्याही कारखान्याचे यंत्र कोणत्याही चौकटीत बसते.

त्याच काळी मोठ्या जनसमुदायास आवाज ऐकविण्याची खटपट निराळ्या वाटेने चालू होती. १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी काचेच्या खोलीत उभे राहून कर्ण्यांच्या साह्याने सुमारे ५०,००० लोकांपुढे भाषण केले. पुढे ११ नोव्हेंबर १९२१ रोजी आर्लिंग्टन येथे अज्ञात सैनिकाच्या दफनविधीप्रसंगी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग बोलले, आणि ते शब्द टेलिफोनच्या तारेने न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील जमावांनीही त्याच क्षणी ऐकले. टेलिफोनची तार आणि कर्णा यांची सोयरीक जुळली ती अशी. या सोयरिकीत टेलिफोनच्या घरच्या पुष्कळ चालीरीती ध्वनिवर्धकाच्या घरी आल्या: लोखंडी चौकट, ऑपरेटरच्या हातातील पाव इंची प्लग, आणि दोन तारांस पीळ घालून आवाज नेण्याची पद्धत. या पद्धतीत बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच पडते, आवाज मात्र एकीत सुलटा व दुसरीत उलटा असतो. शेवटी दोहोंतील फरक तेवढा घेतला की खरखर गळून जाते व आवाज उरतो.

ख्रिस्तसभेनेही या साधनाचे महत्त्व ओळखले. मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून १२ फेब्रुवारी १९३१ रोजी अकरावे पायस यांनी लॅटिन भाषेत जगास संदेश दिला. आपल्याकडे मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या पेढीचे लाऊडस्पीकर स्वातंत्र्यापूर्वीच्या राष्ट्रीय सभांतून परिचित झाले होते. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेस वाव दिला. प्रार्थना मायबोलीत आली तेव्हा ती स्पष्ट ऐकू न येणे ही अधिकच मोठी उणीव ठरली; आणि ती उणीव शेवटच्या बाकावरील वृद्धांस प्रथम जाणवते.

आता आमच्या एका चुकीची कबुली देतो. पूर्वीची यंत्रे एका मेजावर एकावर एक रचलेली होती. विजेची तार आणि मायक्रोफोनची तार एकाच जुडीत बांधली होती, आणि अर्थिंग दोन ठिकाणी दिले होते. दोन ठिकाणच्या जमिनींतील दाब सारखा नसल्याने तारेच्या आवरणातून प्रवाह वाहतो व कर्ण्यातून सतत घुमघुम ऐकू येते. ती थांबविण्यासाठी एका वायरमनने प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकली. घुमघुम थांबली, सर्वांनी वाहवा केली, आम्हीही केली. पुढे पावसाळ्यात एका सायंकाळी शास्त्रपाठ वाचणाऱ्या तरुणाचा ओठ मायक्रोफोनला लागला, आणि तो विजेच्या धक्क्याने मागे कोसळला. देवाच्या कृपेने तो वाचला. दोष त्या वायरमनचा एकट्याचा नव्हे. आवाज स्वच्छ झाला एवढ्यावर समाधान मानून कारण न विचारणाऱ्या आमचाही होता.

म्हणून नव्या चौकटीत वजनदार ध्वनिवर्धक तळाशी बसविले असून, उष्णता निघून जाण्यास मध्ये जागा सोडली आहे. विजेच्या तारा एका बाजूने, आवाजाच्या दुसऱ्या बाजूने. जेथे त्या एकमेकींस ओलांडतात तेथे काटकोनात. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस चिठ्ठी आहे. आमच्यामागून येणाऱ्या धर्मगुरूंस आंधळ्यासारखे चाचपावे लागू नये. सर्व यंत्रांस अर्थिंग एकच आहे. सुरू करताना मिक्सर आधी व ध्वनिवर्धक शेवटी. बंद करताना ध्वनिवर्धक आधी.

वाचकांस आमची विनंती एवढीच की, सणासुदीच्या रोषणाईची तार या चौकटीस कोणी जोडू नये, आणि घुमघुम आली तरी अर्थिंगच्या पिनेस कोणी हात लावू नये. पाहुण्यांच्या नजरेस न पडणाऱ्या या कामात आपल्या मुलांच्या जिवाची राखण आहे. आपल्या वर्गणीचा पैसा गेला तो येथे. आणि तो सत्कारणी लागला आहे, अशी आमची खात्री आहे.