पोष ग्रंथीचे आंशिक उच्छेदन : प्राण्यांवरील परिणाम

पोष ग्रंथी अर्थात पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील खोबणीत असते. माणसात ती वाटाण्याएवढी असून तिचे अग्रखंड व पश्चखंड असे दोन मुख्य भाग आहेत. वाढ, प्रजनन, तसेच अवटू व अधिवृक्क ग्रंथींचे कार्य अग्रखंडाच्या संप्रेरकांवर अवलंबून असते.

रुमानियाचे शरीरक्रियावैज्ञानिक निकोलाय पाउलेस्कू यांनी १९०८ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. संपूर्ण ग्रंथी काढलेले कुत्रे लवकरच दगावत. अग्रखंडाचा काही भाग राखल्यास मात्र ते जगत. अमेरिकेत हार्वी कुशिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० मध्ये अशीच निरीक्षणे नोंदविली. आंशिक उच्छेदनानंतर प्रौढ कुत्र्यांत मेद वाढून जनन ग्रंथी आक्रसत, तर पिलांची वाढ खुंटून ती लैंगिकदृष्ट्या अपक्व राहत.

या निष्कर्षांत एक घोटाळा दडलेला होता. ग्रंथीच्या लगेच वर मेंदूचा हायपोथॅलॅमस हा भाग असल्याने शस्त्रक्रियेत त्याला सहज इजा होई. फिलिप स्मिथ यांनी मेंदूला धक्का न लावता उंदरांची ग्रंथी काढण्याची पद्धत विकसित करून १९२७ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. असे उंदीर जगत, परंतु त्यांची वाढ थांबे आणि जनन, अवटू व अधिवृक्क ग्रंथी रोडावत. ताज्या पोष ग्रंथीचे तुकडे रोज शरीरात रोपल्यावर हे दोष भरून येत. लठ्ठपणा मात्र हायपोथॅलॅमसच्या इजेमुळे येतो, हे यातून स्पष्ट झाले.

केवळ पश्चखंड काढल्यास परिणाम सौम्य असतात. लघवीचे प्रमाण वाढते, परंतु ते बहुधा काही काळापुरतेच. कारण या खंडातून स्रवणारी संप्रेरके मुळात हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतात. ग्रंथीचा देठ वरच्या बाजूस छेदल्यास हा विकार कायमचा जडू शकतो.

अग्रखंडाची राखीव क्षमता मोठी असल्याने थोड्या उरलेल्या पेशीही जीवनावश्यक कार्य चालवू शकतात. वैद्यकात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाल्यास मातेच्या ग्रंथीचा काही भाग मृत होऊ शकतो. हॅरॉल्ड शीहन यांनी १९३७ मध्ये वर्णिलेल्या या विकारात दूध न येणे, पाळी बंद होणे, सततचा थकवा ही लक्षणे दिसतात. उरलेल्या भागावर दैनंदिन जीवन चालत राहिल्याने निदानास कित्येक वर्षे लागू शकतात. मात्र एखाद्या गंभीर आजारात वा शस्त्रक्रियेत अधिवृक्क संप्रेरकांची उणीव जिवावर बेतू शकते. वेळीच निदान झाल्यास संप्रेरके औषधरूपाने देऊन हा धोका टाळता येतो.