शिकारी रायफलीच्या गोळीचें वजन

शिकारीचीं जुनीं वर्णनें वाचतांना ‘आठ बोअरची बंदूक’ किंवा ‘४८० ग्रेनांची गोळी’ असे उल्लेख पदोपदीं आढळतात. पुष्कळ वाचक ते ओलांडून पुढें जातात. परंतु शिकारी सुटला किंवा प्राणास मुकला, जनावर जागीं पडलें किंवा जखमी होऊन रानांत शिरलें, याचा उलगडा बहुधा याच आंकड्यांत असतो. म्हणून या विषयाची थोडी छाननी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम परिमाणाचा विचार करूं. एका रत्तल शिशाच्या समान वजनाच्या जितक्या वाटोळ्या गोळ्या होतील, तितक्या ‘बोअर’ची ती बंदूक, असा जुना संकेत होता. रत्तलाचे ग्रेन ७०००, व इंग्रजी अमलांतील तोळ्याचे १८०. या हिशेबानें बारा बोअरची वाटोळी गोळी सुमारें सव्वातीन तोळ्यांची, आठ बोअरची पांच तोळ्यांस किंचित् कमी, व चार बोअरची पावणेदहा तोळ्यांची होते. आंकडा जितका लहान तितकी गोळी जड, हें ध्यानांत न ठेवल्यास अर्थाचा विपर्यास होतो.

इतक्या जड गोळ्या वापरण्याचें कारण उघड आहे. काळ्या दारूनें वेग मर्यादेपलीकडे वाढत नसे. तेव्हां हत्तीच्या हाडांतून आरपार जाण्यास वजन वाढविणें हाच उपाय उरे. सिलोनांत व पुढें आफ्रिकेंत शिकार करणाऱ्या सॅम्युएल बेकर याच्यापाशीं तर अर्ध्या रत्तलाचा गोळा फेंकणारी बंदूक होती.

याच्या उलट पंथ १८५० नंतरच्या दशकांत निघाला. लंडनचा बंदूककार पर्डी यानें हलकी गोळी व भरपूर दारू अशी योजना करून तिला आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस’ हें नांव दिलें. गोळीचा मार्ग सपाट झाला व नेम साधणें सोपें झालें. हरणासारख्या नाजूक जनावरास ती उत्तम. परंतु टोंकाशीं पोकळ असलेली ही गोळी मोठ्या जनावराच्या खांद्यावर आदळून वरच्यावर फुटे. बेकरनें १८९० च्या आपल्या ग्रंथांत हिच्यावर कडक टीका करून वाघासाठीं .५७७ रायफलीची ६४८ ग्रेनांची, म्हणजे सुमारें साडेतीन तोळ्यांची, शुद्ध शिशाची भरीव गोळी पसंत केली.

पुढें निर्धूम दारू आली. १८९८ च्या सुमारास रिग्बीच्या .४५० रायफलीनें ४८० ग्रेनांची (२ तोळे ८ मासे) गोळी सेकंदास सुमारें २१५० फूट वेगानें फेंकली. वजन दुप्पट केल्यास जोर दुप्पट होतो, वेग दुप्पट केल्यास चौपट होतो. म्हणून आठ बोअरचें काम जवळजवळ निम्म्या वजनांत होऊं लागलें.

तर मग वजन हेंच सर्वस्व काय? आमच्या मतें नाहीं. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत .३०३ रायफलीची २१५ ग्रेनांची कवचबंद गोळी माणसाच्या अंगांतून सरळ निघून जाते, अशी तक्रार झाली. तेव्हां कलकत्त्याजवळील डमडम येथें त्याच रायफलीसाठीं टोंक उघडें ठेवलेली गोळी बनविण्यांत आली. वजनांत म्हणण्यासारखा फरक नसतां परिणाम इतका भयंकर झाला, कीं १८९९ च्या हेग परिषदेनें युद्धांत अशा गोळ्या वर्ज्य ठरविल्या. यावरून वजनाइतकेंच महत्त्व घडणीस आहे हें सिद्ध होतें.

दुसरा पुरावा बेल याचा. या स्कॉटिश शिकाऱ्यानें आफ्रिकेंत हजाराहून अधिक हत्ती मारले. त्यांतील बहुतेक ७ मिलिमीटरच्या रायफलीनें. तिची भरीव, कवचबंद गोळी सुमारें १७३ ग्रेनांची, म्हणजे पुरा तोळाही नव्हे! ती लांब व बारीक असल्यानें खोल जाई. परंतु खरें इंगित हें, कीं हत्तीचा मेंदू कोठें आहे हें बेलनें कवट्या चिरून पाहिलें होतें.

मर्मावर न लागलेल्या गोळीचा परिणाम चंपावतच्या वाघिणीनें दाखविला. १९०७ मध्यें कॉर्बेटनें तिला मारलें, तेव्हां उजव्या बाजूचे वरखालचे सुळे जुन्या गोळीनें मोडलेले दिसले. स्वाभाविक भक्ष्य धरतां न आल्यानें ती नरभक्षक झाली, असा त्याचा निष्कर्ष आहे. तिच्या बळींची संख्या तो ४३६ देतो. जबड्यावर लागलेली ती गोळी अधिक तोळ्यांची असती तर हा अनर्थ टळलाच असता, असें म्हणवत नाहीं.

सारांश, जनावराच्या मानानें वजन, वजनास साजेसा वेग व घडण, आणि या सर्वांवर मर्माचें ज्ञान, असा हा क्रम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतांत हा प्रश्न शिकाऱ्याचा उरला नाहीं. तो इतिहासाभ्यासकाचा झाला आहे. संस्थानी शिकारखान्यांच्या नोंदी वाचणारांनीं ‘बोअर’ हें मूळ वाटोळ्या गोळीचें परिमाण होय, शंक्वाकृति गोळी त्याच बोअरमध्यें अधिक जड असते, व .४५० हा आंकडा वजनाचा नसून इंचांतील व्यासाचा आहे, इतकें तरी स्मरावें. एरव्हीं लहान आंकड्यास लहान बंदूक समजून आपण त्या नोंदींचा उलटाच अर्थ लावूं.