हॉर्न्बी रोडच्या कमानी आणि दुकानांच्या पाट्या

मुंबईच्या कोट भागातला दादाभाई नौरोजी रस्ता हा पूर्वीचा हॉर्न्बी रोड. 1860 च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत कोटाची तटबंदी पाडली गेली, तेव्हा तो रुंद झाला. त्याच्या पश्चिमेला पुढच्या अर्धशतकात इमारतींची रांग उभी राहिली. कुणी गॉथिक धाटणी घेतली, कुणी नवअभिजात, कुणी इंडो-सारासेनिक. तळमजल्याला मात्र सगळ्यांना एकच अट होती. ऊन-पावसात पादचाऱ्यांना आडोसा मिळावा म्हणून दर्शनी बाजूला कमानींची ओवरी ठेवणे 1896 च्या सरकारी नियमाने बंधनकारक झाले. मालक निराळे, वास्तुविशारद निराळे, तरी रस्ता एकसंध दिसतो तो या अटीमुळे. पुढे पाट्यांचा झगडा झाला तोही याच कमानींवरून.

जाहिरातींना कायदा अगदीच नव्हता असे नाही. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातले कलम 328 ‘स्काय साइन’साठी आहे. खांबावर किंवा चौकटीवर उभारलेला, रस्त्यावरून पाहता आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक म्हणजे स्काय साइन. लंडनने अशा फलकांविरुद्ध 1891 मध्ये स्वतंत्र कायदा केला. मुंबईत त्यांना आयुक्तांच्या लेखी परवानगीची अट आली. इतर जाहिरातींसाठी कलम 328-अ आहे. पण त्यात एक मोठी सूट आहे: जागेत चालणाऱ्या धंद्याचीच पाटी असेल आणि तिला दिवे नसतील, तर परवानगीची गरज नाही. ज्या पाट्यांना परवाना लागे, त्यांचे शुल्कही मुख्यतः क्षेत्रफळावर आणि प्रकाशयोजनेवर ठरे. पाटी भिंतीचा कोणता भाग झाकते, हे विचारण्याचे काम या व्यवस्थेत कुणाकडेच नव्हते.

परिणाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसले. ओवरीमुळे दुकानाचा दर्शनी भाग सावलीत, रस्त्यापासून आत राहतो. गिऱ्हाइकाच्या नजरेत यायचे तर पाटी बाहेर, कमानीच्या तोंडावर आणावी लागते. एकाने आणली की शेजाऱ्याला गप्प बसणे परवडत नाही. रंगाऱ्याने हाताने रंगवलेल्या पाटीची जागा अ‍ॅक्रिलिकच्या आणि आतून उजळणाऱ्या पेट्यांनी घेतली, तसा आकारही वाढत गेला. कमानीचे अर्धवर्तुळ, मधला किल्लीचा दगड, खांबांची शिरे सगळे आड गेले. नुकसान नुसते डोळ्यांचे नव्हते. पाट्यांसाठी दगडात ठोकलेले लोखंड गंजून फुगते, दगडाला तडा जातो आणि पावसाचे पाणी आत मुरते. भाडेनियंत्रणाने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवलेली असल्याने अशा इमारतींच्या मालकांना दुरुस्तीत रस उरला नव्हता. गच्चीवर होर्डिंगला जागा देणे हे मात्र चांगले उत्पन्न होते.

1995 मध्ये दोन गोष्टी घडल्या. महाराष्ट्राने मालमत्ता विरूपणाला प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्याचा रोख मुख्यतः भिंती रंगवणाऱ्या आणि भित्तिपत्रके चिकटवणाऱ्यांवर होता. त्याहून महत्त्वाची ठरली ती त्याच वर्षीची मुंबईची वारसा नियमावली. तिने सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर तीन श्रेणींत नोंदवले आणि त्यांतील बदल वारसा समितीच्या सल्ल्याखाली आणले. भारतातल्या शहरांत अशी नियमावली प्रथम मुंबईनेच केली. मात्र समितीपुढे प्रकरण येणार ते मोठ्या बांधकामाचे. पाटी बदलायला परवानगी घ्यावी लागते, हे बहुतेक दुकानदारांच्या गावीही नसे.

ही उणीव भरून काढली ती एका रस्त्यापुरत्या आराखड्याने. 1990 च्या दशकाच्या अखेरीस महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी संलग्न वारसा संवर्धन संस्थेच्या पाठबळाने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दादाभाई नौरोजी रस्त्याचा अभ्यास केला आणि पाट्या, दिवे, बाके यांसाठी मार्गदर्शिका तयार केली. पाट्यांचे मूळ तत्त्व सोपे होते: पाटी कमानीच्या चौकटीच्या आत बसावी आणि कोरीवकाम, खांब किंवा सज्जे झाकू नयेत. म्हणजे पाटीचे माप दुकानदाराच्या ऐपतीवरून न ठरता इमारतीवरून ठरणार. दुकानाचे नाव कोणत्या अक्षरांत लिहावे यापेक्षा ते कुठे असावे, यावर भर राहिला आणि ते शहाणपणाचे होते. महापालिकेने साथ दिली, पण खरे काम दुकानदारांना पटवण्याचे होते. सगळ्यांच्याच पाट्या आत सरकल्या तर कुणाचाच तोटा नाही, हा युक्तिवाद लागू पडला. अनेकांनी स्वखर्चाने पाट्या बदलल्या. रस्त्यावरच्या व्यावसायिकांची ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ उभी राहिली. 2004 च्या युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या प्रकल्पाचा गौरव झाला.

नंतरची भर वेगळ्या दिशेने आली. दुकानांविषयीच्या कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीने राज्यातल्या लहानमोठ्या सर्व दुकानांवर मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरे अन्य लिपीपेक्षा लहान नसावीत असे ठरले. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिने दिले. मोकळ्या दर्शनी भागावर मराठीसाठी पाटी मोठी करता येते. कमानीच्या चौकटीत ती सोय नाही, म्हणून तिथे दुसऱ्या लिपीची अक्षरेच लहान करावी लागतात.