दंतव्यंगोपचारतज्ञांच्या प्रमाणन परीक्षा

दंतव्यंगोपचारशास्त्र म्हणजे ऑर्थोडाँटिक्स ही वेडेवाकडे दात व जबड्यांचे सदोष परस्परसंबंध सुधारणारी दंतवैद्यकाची शाखा होय. तीतील पदव्युत्तर पदवी विद्यापीठ देते; त्यापुढे जाऊन समव्यवसायी तज्ञांच्या मंडळासमोर स्वेच्छेने दिल्या जाणाऱ्या लेखी, तोंडी व चिकित्सा-परीक्षांना प्रमाणन परीक्षा म्हणतात. हा उपचार सामान्यतः दीड-दोन वर्षे चालतो आणि त्यातील उणिवा पुष्कळदा तारा काढल्यानंतरच उघड होतात. तेव्हा एका दिवसाच्या परीक्षेत तज्ञाची पारख कशी करावी, हा या परीक्षांच्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

एडवर्ड अँगल यांनी 1900 मध्ये अमेरिकेत सेंट लूइस येथे या विषयाची पहिली स्वतंत्र शाळा काढली. तेथील प्रारंभीचा अभ्यासक्रम अवघ्या काही आठवड्यांचा होता. पुढे डेन्व्हरचे ॲल्बर्ट केचम यांनी क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने दाखवून दिले की, उपचार केलेल्या दातांची मुळे काही रुग्णांत झिजून आखूड होतात. बाहेरून सुबक दिसणारी दंतपंक्ती हा निर्दोष उपचाराचा पुरावा नव्हे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. केचम यांच्याच पुढाकाराने 1929 मध्ये अमेरिकन बोर्ड ऑफ ऑर्थोडाँटिक्स स्थापन झाले. दंतवैद्यकातील हे पहिले विशेषज्ञ-प्रमाणन मंडळ होय. प्रारंभी उमेदवाराकडून प्रबंध व स्वतः उपचार केलेल्या रुग्णांचे वृत्तांत मागविले जात. परीक्षकांच्या व्यक्तिगत मताला आळा बसावा म्हणून 1999 पासून दातांचे साचे व क्ष-किरण चित्रे यांची गुणांकन पद्धती वापरात आली. दातांची ओळ, वरखालच्या दातांचा स्पर्श, मुळांचा कल इ. आठ निकषांवर दर दोषामागे गुण वजा होत; अर्धा मिमी. हून अधिक फरकही मोजला जाई. तथापि साचे कोणाचे आणायचे हे उमेदवारच ठरवीत असे, आणि फसलेला उपचार कोणी सहसा पुढे आणीत नाही. 2019 पासून तेथे ठराविक रुग्ण-प्रसंगांवर आधारित तोंडी परीक्षा घेतली जाऊ लागली. निवडीचा दोष तिने दूर केला. मात्र उमेदवाराच्या हातचे पूर्ण झालेले काम परीक्षकासमोर येण्याचे त्यामुळे थांबले. ही किंमत लहान नाही.

भारतात दंतवैद्य अधिनियम 1948 मध्ये झाला व 1965 मध्ये इंडियन ऑर्थोडाँटिक सोसायटी ही तज्ञांची संस्था निघाली. तिच्या आश्रयाखाली 1990 च्या दशकाच्या अखेरीस इंडियन बोर्ड ऑफ ऑर्थोडाँटिक्सची स्थापना झाली. मंडळाची परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. अखेरच्या टप्प्यात उमेदवाराने स्वतः पूर्ण केलेल्या रुग्णांच्या नोंदी मांडून त्यांवर प्रश्नोत्तरे होतात. व्यवसायासाठी हे प्रमाणन सक्तीचे नाही. विद्यापीठाच्या एम्.डी.एस्. परीक्षेतही लेखी प्रश्नपत्रिका, रुग्णतपासणी, तारकाम व तोंडी परीक्षा असतातच. महाराष्ट्रात ती 1998 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत घेतली जाते.

विदर्भाच्या पूर्व भागात हा प्रश्न निराळे रूप घेतो. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल येथून नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय सु. 150 किमी. दूर आहे. तारा घट्ट करण्यासाठी रुग्णाला साधारणतः दरमहा यावे लागते. धानाच्या रोवणीत वा कापणीत एवढा प्रवास करणे शेतकरी कुटुंबाला सोपे नसते. अशा भागात काम करणाऱ्या तज्ञाजवळ आरंभापासून शेवटापर्यंतच्या संपूर्ण नोंदी असलेले रुग्ण शहरातील तज्ञापेक्षा कमी साठावेत, हे उघड आहे. शिवाय जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड अधिक असल्याने दातांच्या लुकणावर डाग व खड्डे पडतात, व त्यावर चिकटविलेले ब्रॅकेट लवकर सुटून येण्याचा संभव असतो. नोंदींच्या पूर्णतेवर भर देणाऱ्या परीक्षेत या अडचणींचे मोल धरले जात नाही. सुटलेले ब्रॅकेट पुन्हा बसविण्यात गेलेले महिने अंतिम साच्यावर दिसत नाहीत.