एका दुपारची पारख

महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी शाळकरी मुले निवडायची असली की तालुका आणि जिल्हा पातळीवर चाचण्या घेतल्या जातात. आधी उंची आणि वजन. मग ३० मीटर धावणे, दहा मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन, ८०० मीटर धावणे, जागेवरून उंच उडी, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉलची फेक आणि गुडघे न वाकवता पुढे झुकणे. प्रत्येक चाचणीला गुण, गुणांची बेरीज, बेरजेवरून यादी. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतल्या मुलांच्या वाट्याला ही परीक्षा बहुधा एका दुपारची येते.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात साधारण याच प्रकारची परीक्षा दरवर्षी होते. तिथल्या व्यावसायिक फुटबॉल संघांचे प्रशिक्षक आणि पारखी महाविद्यालयीन खेळाडूंची मापे घेतात. जागेवरून उंच उडी, लांब उडी, शटल रन या चाचण्या तिथेही आहेत, शिवाय ४० यार्डांची धाव. तिला ‘कम्बाइन’ म्हणतात. १९८२ मध्ये ती टॅम्पा येथे सुरू झाली आणि १९८७ पासून इंडियानापोलिसला भरते. त्यानंतर काही आठवड्यांनी ‘ड्राफ्ट’ होतो, म्हणजे संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू आपल्या नावावर करून घेतात. (अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या कडे्यातून वाट काढणारा तो धसमुसळा खेळ आहे. नात्याने तो आपल्या कबड्डीलाच जवळचा.)

खेळाडूची पारख मोजपट्टीने करावी की जाणत्या नजरेने, त्याला क्रमाने वाटून द्यावे की लिलावात विकावे, हा वाद तिथे जवळजवळ नव्वद वर्षे चालू आहे. आपल्याकडे तो गेल्या दीड-दोन दशकांत आला. वाद उसना असला तरी प्रश्न आपला आहे. म्हणून आधी त्याचा तिथला इतिहास पाहू आणि मग परभणीच्या मैदानावर येऊ.

दुबळ्यांना पहिला मान

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये महाविद्यालयातून बाहेर पडणारा चांगला खेळाडू ज्याच्याकडे पैसा आणि नाव त्याच्याकडे जाई. फिलाडेल्फियाच्या ‘ईगल्स’ संघाचे मालक बर्ट बेल यांचा संघ सतत हरत असे. बलवान संघ बलवान होत जाणार आणि आपण तळाशीच राहणार, हे त्यांना दिसत होते. १९३५ मध्ये त्यांनी इतर मालकांपुढे प्रस्ताव ठेवला की हंगामात जो शेवटचा त्याने पहिल्यांदा निवडावे. तो मान्य झाला. फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ नावे.

पहिला मान अर्थात ईगल्सचा. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर निवडला. त्या काळातला हा सर्वांत गाजलेला महाविद्यालयीन खेळाडू. हा बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. मागितलेला मोबदला मिळाला नाही, तेव्हा त्याने दुसरा व्यवसाय धरला. ड्राफ्टच्या इतिहासातली पहिलीच निवड अशी वाया गेली.

ड्राफ्टमुळे दुबळ्या संघांना आधार मिळाला, तशी खेळाडूची सौदा करण्याची ताकदही गेली. कोणत्या गावी, कोणासाठी खेळायचे हे त्याने ठरवायचे नाही. १९७६ मध्ये एका खेळाडूच्या खटल्यात न्यायालयाने ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असे म्हटले. पुढे खेळाडूंच्या संघटनेशी सामूहिक करार झाला आणि त्या कराराच्या छत्राखाली ड्राफ्ट टिकला. समतेसाठी केलेल्या नियमाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आणि एवढे करून पारख किती खरी ठरते? २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या खेळाडूने कम्बाइनमध्ये ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद घेतले. हा वेळ लाजिरवाणा होता. त्याची निवड १९९वी झाली. त्याच्या जागेवर खेळणारे सहा जण त्याच्या आधी घेतले गेले. पुढे त्याने सात वेळा अजिंक्यपद मिळवले. एखाद्या अपवादावरून पद्धत नाकारता येत नाही हे खरे. पण केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. त्यांचा एक निष्कर्ष असा की एकाच जागेवर खेळणाऱ्या लागोपाठच्या दोन निवडींत आधी घेतलेला खेळाडू नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के. नाणे उडवले तर पन्नास टक्के मिळतातच. दुसरा निष्कर्ष संघांच्या आत्मविश्वासाबद्दल होता. पहिल्या क्रमांकांसाठी संघ जी किंमत मोजतात तेवढे मोल त्या क्रमांकांतून परत येत नाही.

मोंढ्यात माल घेणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. एकाच ढिगावर दहा खरेदीदार बोली लावतात तेव्हा माल ज्याच्या पदरात पडतो त्याचा अंदाज बहुधा सर्वांत फुगलेला असतो.

नोकरी हाच ड्राफ्ट

आता आपल्याकडे येऊ. ज्या १९३६ साली फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला, त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडचे लाडके वचन. कबड्डीने त्यातली जर्मनी आधी गाठली. हुतूतूचे नियम बांधण्याचे काम बडोद्यात १९२३च्या सुमारास झाले होते आणि पुढे मुंबई इलाख्यात संघटना उभ्या राहत होत्या. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. १९४८ मध्ये ते राज्य संपले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी कबड्डीला जे रूप दिले, त्या प्रवाहात आमचा भाग उशिरा मिसळला.

या काळात खेळाडूची निवड कशी होई? व्यावसायिक संघ नव्हते, पण खेळाडूला पोसणाऱ्या आस्थापना होत्या. पोलीस, रेल्वे, सेनादले, बँका, पोर्ट ट्रस्ट, तेल कंपन्या, महिंद्रासारखे कारखाने. यांचे संघ ‘व्यावसायिक गटा’त खेळत. गावच्या स्पर्धेत एखाद्याची चढाई नजरेत भरली की कोणीतरी वरिष्ठ खेळाडू किंवा अधिकारी त्याला बोलावून घेई. चार सामने खेळवून पाही आणि मग भरती करी. आपला ड्राफ्ट तो हाच.

त्याचे दोष उघड होते. ओळखीपाळखी चालत, आणि मुंबई-पुण्याच्या मैदानावर न पोचलेला मुलगा कोणाच्या नजरेत येत नसे. पण एक गुणही होता. बक्षीस म्हणजे तीस-पस्तीस वर्षांची नोकरी आणि नंतरचे निवृत्तिवेतन. गुडघा निकामी झाला तरी पगार थांबत नसे. त्यामुळे निवडणारा सावकाश निवडे आणि मुलाचे घर निर्धास्त होई. आजही शासकीय नोकऱ्यांतले खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण मराठवाड्यातल्या पालकांना लीगच्या झगमगाटापेक्षा मोलाचे वाटते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे याच आकर्षणातून उद्‌भवली. जिथे खेळाची नोंद म्हणजे फक्त एक कागद, तिथे तो कागद विकत मिळू लागतो.

लिलावाचे दशक

भारतात खऱ्या अर्थाने ड्राफ्ट झाला तो २००८ मध्ये क्रिकेटचा. आयपीएलच्या मोठ्या लिलावानंतर १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी वेगळी क्रमवार निवड ठेवली गेली. नुकताच युवा विश्वचषक जिंकून आलेला दिल्लीचा विराट कोहली त्यात होता. दिल्लीच्या संघाकडे फलंदाज भरपूर होते. त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला आणि कोहली बंगळूरकडे गेला. दिल्लीचा हिशेब त्या दिवशी चुकीचा नव्हता. ड्राफ्टमध्ये नेहमी हाच पेच पडतो की आपल्याला काय हवे ते घ्यायचे, की समोर आहे त्यातले उत्तम ते घ्यायचे.

फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगनेही २०१४ मध्ये देशी खेळाडू ड्राफ्टनेच वाटले. २०१५ मध्ये काही नामवंतांचा लिलाव झाला. त्यात मुंबईने सुनील छेत्रीसाठी १.२० कोटी मोजले. २०१७ मध्ये पुन्हा एक ड्राफ्ट झाला आणि नंतर ती पद्धत मागे पडली.

कबड्डीने लिलाव धरला तो सोडला नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला राकेश कुमार, १२.८० लाख रुपयांना. २०१८ मध्ये सहा खेळाडूंनी कोटीचा आकडा ओलांडला आणि मोनू गोयत १.५१ कोटींवर गेला. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २.६०५ कोटी दिले. नऊ वर्षांत वरची किंमत वीस पटींनी वाढली.

लिलावाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. बोली वाढते तेव्हा पैसा खेळाडूला मिळतो. ड्राफ्टमध्ये तो वाचतो मालकाचा. पण किंमत ठरते ती गेल्या हंगामावरून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या आपल्या पहिल्याच हंगामात यू मुंबाकडून चढायांत दोनशेहून अधिक गुण घेऊन गेला आणि पुढच्या लिलावात १.४५ कोटींचा झाला. २०२१ मध्ये तो पुन्हा १.३० कोटींना घेतला गेला, पण खांद्याच्या दुखापतीने तो हंगाम जवळजवळ बुडाला. प्रदीप नरवालने एका हंगामात चढायांचे ३६९ गुण केले होते, आणि २०२१ मध्ये त्याच्यावर १.६५ कोटींची बोली लागली. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणीही बोली लावली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. लीगच्या इतिहासात चढायांचे सर्वाधिक गुण तेव्हाही त्याच्याच नावावर होते. नोकरीने खेळाडूचे आयुष्य विकत घेतले होते, लिलाव फक्त हंगाम विकत घेतो.

दिसणार कोण?

ड्राफ्ट की लिलाव हा वाद मात्र यादीत नाव आल्यानंतरचा आहे. परभणीच्या मुलापुढचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. यादीत जायचे कसे?

लीगने यासाठी नवोदितांची वेगळी वाट ठेवली आहे. संघ तरुण मुलांना थेट करारावर घेऊन घडवू शकतात. या वाटेचे सर्वांत बोलके उदाहरण नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. तो लिलावातल्या मोठ्या बोलीतून आला नाही. पुणेरी पलटणने त्याला नवोदित म्हणून घेतले, दोन-तीन हंगाम खेळवले आणि कर्णधार केले. १ मार्च २०२४ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. त्याआधी तो हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही होता. पाहायला वेळ दिला की पारख साधते, एवढे यातून नक्की कळते.

पण नगरहून पुणे जवळ आहे. गंगाखेड, पालम किंवा सोनपेठचा मुलगा मातीवर खेळतो आणि निवड मॅटवर होते. मातीवर अनवाणी पायाने घेतलेली पकड आणि मॅटवर बूट घालून घेतलेली पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत परभणी येते. आंतरमहाविद्यालयीन आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा हीच इथल्या मुलाची मोठी खिडकी. अमेरिकेत ड्राफ्टला येणाऱ्या खेळाडूने महाविद्यालयाची किमान तीन वर्षे काढलेली असतात आणि त्याच्या प्रत्येक सामन्याचे चित्रण पारख्यांनी पाहिलेले असते. कम्बाइनची मोजपट्टी त्यावरची पुरवणी असते. आपल्या मुलाच्या मागे असे काहीच नसते. त्याच्यासाठी पुरवणी हीच पूर्ण उत्तरपत्रिका.

धावपटूचे एक बरे असते, घड्याळ त्याची साक्ष देते. परभणीच्या ज्योती गवतेने २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला तो २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत. तिला कोणाच्या नजरेत भरावे लागले नाही. कोपऱ्यात उभा राहून योग्य क्षणी घोटा पकडणाऱ्या मुलासाठी मात्र असे घड्याळ नाही. त्याची अक्कल उडीच्या इंचांत मोजता येत नाही. ती सामन्यातच दिसते, आणि तीही अनेक सामन्यांत.

हे परभणीकरांना वेगळे समजावून सांगायला नको. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही हळद्या रोगाला दाद न देणारी भेंडी दिली, ‘परभणी मोती’ ही ज्वारी दिली. यांतले कोणतेही वाण एका वाफ्यात, एका हंगामात पाहून शिफारस झालेले नाही. वेगवेगळ्या जमिनींत, कमी-जास्त पावसात, वर्षानुवर्षे पेरून आणि प्रत्येक वेळी नोंद ठेवून मगच ते शेतकऱ्याच्या हाती दिले जाते. ज्वारीच्या दाण्याला जो न्याय आपण देतो तो तेरा वर्षांच्या मुलाला देत नाही.

त्यासाठी फार पैसा लागतो असेही नाही. गावच्या स्पर्धेतही गुणलेखक बसलेला असतो. कोणी किती चढाया केल्या, किती पकडी यशस्वी झाल्या, लोण कोणत्या मिनिटाला पडला हे तो कागदावर मांडतो. बक्षीस समारंभ संपला की तो कागद मंडपाबरोबर गुंडाळला जातो. शालेय, महाविद्यालयीन आणि मंडळांच्या स्पर्धांचे ते कागद जिल्ह्यात एका ठिकाणी जपले, तर पाच वर्षांत प्रत्येक मुलामागे त्याच्या खेळाचा पुरावा उभा राहील. निवडणारा मग पोलीस दलाचा असो, विद्यापीठाचा असो की लीगचा, त्याला उडी मोजण्यापूर्वी ते कागद मागता येतील.